हद्दीपलीकडचा करंट

बायकोचा आकडा आपल्यापेक्षा बावीसनं जास्त आलाय हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी इंद्रजित चौगुलेनं दोनदा आंघोळ केली. अंगाची नुसती लाही लाही होत होती. विचारणाऱ्याला सांगायचा, उकडतंय फार. नवरात्राचे दिवस, आंबा घाटाकडून गार वारा येतोय, आणि हा गडी उकडतंय म्हणून खांद्यावर पंचा टाकून फिरतोय! शरयूला खरं काय ते कळलं होतं. तिनं जेवताना त्याच्या ताटात शेंगदाण्याची चटणी जरा जास्त वाढली. ती दया त्याला आकड्यापेक्षा जास्त झोंबली.

आता हा आकडा कसला, ते सांगायला हवं.

रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर ऊन-वाऱ्याची वीज करून पाण्यातून हायड्रोजन काढतात आणि एकशे अठ्ठावीस किलोमीटरच्या पाइपातून सह्याद्री चढवून कोल्हापूरच्या फाउंड्र्यांच्या भट्ट्यांना पोचवतात. पाइप जुना. आधी त्यातून साधा गॅस यायचा. जमिनीत पुरलेलं पोलाद, ते गंजायला बघणारच. म्हणून त्याला बाहेरून सतत थोडा करंट देत राहायचं, म्हणजे मातीत त्याची झीज होत नाही. हा करंट देणारं कपाटाएवढं यंत्र म्हणजे रेक्टिफायर. आणि करंट पुरेसा पोचतोय का हे बघायला दर किलोमीटरला एक पिवळा खांब. मोरचुदाच्या पाण्यानं भरलेली नळी ओल्या मातीत टेकवायची, मीटरची एक वायर नळीला, दुसरी खांबाला, की मिलिव्होल्टमधला आकडा दिसतो. साडेआठशेच्या खाली गेला तर गंज धरणार. आणि हायड्रोजन आल्यापासून नवा नियम असा, की अकराशेच्या वर जायचं नाही. का नाही, ते येईलच पुढं.

घाटापासून बांबवड्यापर्यंतचे चाळीस किलोमीटर इंद्रजितचे. तिथून कोल्हापूरपर्यंतचे चाळीस शरयूचे. मधे अठ्ठ्याऐंशीव्या किलोमीटरला हद्दीचा दगड, दगडाला लागून व्हॉल्व्ह स्टेशन, आणि स्टेशनच्या आवारात दोघांचं क्वार्टर. स्वयंपाकघर तुझ्या हद्दीत, बैठकीची खोली माझ्या, असं इंद्रजित गमतीनं म्हणायचा. दोघं पॉलिटेक्निकला एका वर्गात होती. लेकीच्या बाळपणात शरयू सहा वर्षं घरी राहिली, मग नोकरीला लागली, तेव्हा मोरचुदाची नळी कशी धरायची हे इंद्रजितनंच तिला शिकवलं. हे तो येईल त्या माणसाला सांगायचा. ऐकून ऐकून लोकांचे कान किटले होते.

कुठल्या पट्ट्याची निगा चांगली, हे तिथले लोक पट्ट्यातल्या सगळ्यात कमजोर खांबावरून ठरवत. आणि खंडेनवमीला स्टेशनातल्या मोठ्या व्हॉल्व्हपुढं मीटर, पाने, नळ्या अशी सगळी हत्यारं मांडली की ज्याचा कमजोर खांब सगळ्यांत वरचढ, त्याच्या हातानं पूजा व्हायची. कंपनीच्या कुठल्या कागदात हे नव्हतं, पण मान तो मान. आठ वर्षं तो इंद्रजितनं सोडला नव्हता. नवव्या वर्षी शरयूचा एकोणनव्वदचा खांब नऊशे चौतीस आला आणि इंद्रजितचा घाटातला एकोणपन्नासचा नऊशे बाराच. पूजा शरयूनं केली. इंद्रजित तबक धरून शेजारी उभा राहिला. फोटोत तो हसतोय. नीट बघितलं तर नुसते दात दिसतात.

त्या वर्षभरात त्याचं काही खरं नव्हतं. शरयू कामावरून आली की आधी तिच्या बुटांकडं बघायचा, कुठली माती लागलीय, कुठल्या खांबाला जाऊन आली. तिनं उन्हाळ्यात अकरा ठिकाणी खड्डे घेऊन पाइपावरचं निघालेलं कोटिंग दुरुस्त करून घेतलं होतं. मी का नाही घेतलं, म्हणून हा स्वतःवरच चरफडायचा. तळेकर साहेबांनी बैठकीत तिचं कौतुक केलं की सगळ्यात मोठ्यानं टाळ्या यानं वाजवायच्या आणि घरी आल्यावर भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुर करायची. मीठ बरोबर असायचं.

त्यात कंपनीनं ‘कानोसा’ आणला.

हायड्रोजनचा अणू म्हणजे अणूंमधला सगळ्यात चिमुकला. जोडीजोडीनं गॅस होऊन फिरतो तोवर पोलादाला त्याचा उपद्रव नाही. पण पोलादाला टेकून जोडी फुटली, की सुटा अणू सरळ धातूच्या आत शिरतो आणि हिंडत राहतो. जिथं पोलाद गरजेपेक्षा कडक झालेलं असेल, बहुतेक करून वेल्डिंगच्या कडेला, तिथं असे अणू जमून मुक्काम ठोकतात. मग जे पोलाद गुळाच्या कच्च्या पाकासारखं ताणलं जायचं, ते चिक्कीसारखं होऊन बसतं. वाकत नाही, मोडतं. आणि मोडायच्या आधी आठवडेच्या आठवडे आतल्या आत केसाएवढ्या भेगा सरकत असतात. प्रत्येक भेग सरकताना ‘टिक’ असा आवाज होतो. माणसाच्या कानाला तो ऐकू येणं शक्य नाही.

कानोसाला येतो. पाइपाशेजारून काचेचा एक धागा पुरलेला, त्यातून सारखा प्रकाश धावतोय. कुठंही टिक झालं की धागा किंचित हलतो आणि प्रकाशात फरक पडतो. मग यंत्र ट्रकचे, उसाच्या ट्रॅक्टरचे, बोअरच्या मोटारीचे आवाज वेगळे काढून सांगतं, अमुक मीटरला पोलाद तडकतंय. महिनाभर पुण्याला राहून हे शिकून आलेली संबंध लाइनवर एकच व्यक्ती होती. कोण, ते सांगायला नको.

आता शरयू सकाळी दोन तास हेडफोन लावून बसायची. इंद्रजित चहा घेऊन यायचा.

“शरयू, संध्याकाळी मलकापूरला जायचं का?”

ती हात वर करायची. “थांब जरा. ट्रॅक्टर गेला.”

“नवऱ्याचं ऐकायला वेळ नाही, पाइपाचं बरं ऐकतेस!”

“पाइप टोमणे मारत नाही, इंद्या,” ती हसून म्हणायची. तोही हसायचा. आतून मात्र नाकाला मिरच्या झोंबलेल्या असायच्या.

ज्येष्ठात एके सकाळी तो शहाऐंशीव्या किलोमीटरच्या आपल्या रेक्टिफायरपाशी गेला. एरवी यंत्र आपलं आपण करंट कमीजास्त करतं, पण दुरुस्तीच्या वेळी ते हातानं चालवायची सोय असते. त्यानं ‘देखभाल चालू’ अशी नोंद टाकली आणि बारा अँपियरचे अठरा केले. एवढंच. चार दिवसांनी घाटात जाऊन एकोणपन्नासचा खांब बघितला, तर नऊशे बाराचे नऊशे एकतीस! घाट उतरताना हा गडी शीळ घालत आला. रात्री जेवताना अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुझा एकोणनव्वद काय म्हणतोय?”

“अरे, कमाल झाली. नऊशे त्र्याहत्तर,” शरयू म्हणाली. “कोटिंगचं काम चांगलं लागू पडलेलं दिसतंय.”

घास घशाला लागला. तिनं पाणी पुढं केलं.

आषाढात त्यानं सव्वीस अँपियर केले. त्याचा खांब नऊशे छपन्न, तिचा एक हजार चाळीस. श्रावणात पस्तीस. त्याचा नऊशे पंच्याऐंशी, तिचा अकराशेला टेकलेला. ह्याला काय म्हणावं? त्याच्या मनानं घेतलं की बाई लबाडी करतेय. माझ्यासारखीच करंट वाढवून बसलीय आणि वर तोंड करून कोटिंगचं सांगतेय! आपण करतो तेच बायको करत असेल ह्या संशयानं त्याला झोप येईना. एका दुपारी ती कोल्हापूरला बैठकीला गेलेली बघून हा गाडी काढून तिच्या रेक्टिफायरपाशी गेला. चोरासारखं इकडंतिकडं बघून कपाट उघडलं. नऊ अँपियर. यंत्र आपलं आपण चालू, हात लावलेला नाही. नऊ अँपियरवर एवढा आकडा! देवानं हिच्या हाताला काय गुण दिलाय आणि माझ्याच वेळेला काय झालं होतं, असं म्हणत कपाटाला एक लाथही घातली.

ज्या माणसानं हे काम वीस वर्षं केलं, त्यानं त्या क्षणी जरा डोकं थंड ठेवून विचार केला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मत्सराला कुठं विचार असतो?

बरं, करंट वाढवणं हा नुसता चावटपणा नव्हता. अकराशेची मर्यादा कशासाठी होती? करंट जास्त झाला की पाइपाभोवतीच्या ओल्या मातीतलं पाणी फुटतं आणि पाइपाच्या बाहेरच्या अंगावर हायड्रोजन तयार होतो. म्हणजे आतून गॅसमधला हायड्रोजन शिरतोय तो शिरतोच आहे, त्यात बाहेरून हा. पोलादाला जपायला दिलेला करंट जास्त झाला की असा उलटतो. इंद्रजितला हे माहीत नव्हतं असं नाही. नव्या पोरांना फळ्यावर आकृती काढून शिकवणारा तोच. रेक्टिफायरजवळच्या त्याच्या खांबांवर साडेचौदाशे दिसत होते आणि तो टॅबमध्ये दहाशे नव्वद भरत होता. दसरा झाला की कमी करू, चार महिन्यांत काय होतंय, असं स्वतःला समजावत होता.

भाद्रपद संपला, घट बसले, आणि चौथ्या सकाळी शरयूनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. चेहरा गंभीर.

“टिक यायला लागल्यात. तासाला तीन.”

“कुठं?” त्यानं विचारलं. आणि खोटं कशाला बोला, मनात पहिली उकळी आनंदाची होती. तिच्या हद्दीत असू दे.

“माझ्याच हद्दीत. दगडापासून तीस मीटर. त्या नव्या तुकड्याचा पुढचा वेल्ड.”

“कसला नवा तुकडा?”

“असं काय करतोस? तो विलग जोड कापून काढला आणि सरळ पाइप बसवला नाही का, दोन वर्षांपूर्वी? धो धो पाऊस होता, वेल्डरच्या डोक्यावर ताडपत्री धरून मीच उभी होते. वेल्ड फटकन गार झाला असणार, म्हणून तिथं पोलाद कडक राहिलं.”

इंद्रजितच्या हातातला कप तसाच राहिला.

विलग जोड. हद्दीच्या दगडापाशी वीस वर्षं पाइपाचे दोन भाग एका खास जोडानं जोडलेले होते. मधे वीजरोधक चकती, रबराची सील. गॅस इकडून तिकडं जायचा, करंट जायचा नाही. त्याचा करंट त्याच्या हद्दीत, तिचा तिच्या. हायड्रोजन आला तेव्हा त्या रबरातून तो झिरपायला लागला, म्हणून जोड कापून सरळ पाइप जोडून दिला. हे दोघांच्या डोळ्यांदेखत झालं. पण सगळ्यांनी ते गॅसचं काम म्हणून बघितलं. करंटची हद्दही त्या दिवशी पुसली गेली, हे एकाच्याही डोक्यात शिरलं नाही. दगड होता ना जागेवर! वीस वर्षांची सवय. दगडापलीकडं आपलं काही जात नाही, हे अंगात इतकं मुरलेलं की विचारच येत नव्हता.

आता आला, आणि सगळा हिशेब एका दमात उलगडला. त्याच्या रेक्टिफायरपासून त्याचा घाटातला खांब सदतीस किलोमीटर लांब. तिचा एकोणनव्वदचा फक्त तीन. तो वाढवत होता करंट, आणि वाढत होता आकडा तिचा. तिचा वाढला म्हणून हा आणखी वाढवत होता. चार महिने तो स्वतःच्या हातानं बायकोला जिंकवत होता, आणि तिच्या हद्दीतला तो कडक वेल्ड आतून बाहेरून हायड्रोजनमध्ये मुरत होता.

“काय रे? पांढरा का पडलास?”

“काही नाही. ॲसिडिटी.”

तो तडक शहाऐंशीला गेला आणि पस्तीसचे बारा केले, यंत्र परत आपलं आपण चालेल असं करून ठेवलं. पण पोलादात शिरलेला हायड्रोजन काही सांगितल्याबरोबर बाहेर येत नाही, त्याला आठवडे लागतात, आणि पडलेली भेग तर मिटतच नाही. सांगायला हवं होतं. कुणाला सांगणार? तळेकर साहेबांना? आठ वर्षं ज्यानं मान घेतला त्यानं खोटे आकडे भरले, म्हणून? आणि शरयूला? तिला काय सांगणार, तुझ्यावर जळत होतो म्हणून? चार दिवस तो नुसता घरात येरझाऱ्या घालत होता.

इकडं शरयूचा अहवाल गेला. अहवालात कारण लिहिलेलं, कडक वेल्ड आणि आतला हायड्रोजन. दुखणं एका बाजूचं, म्हणजे नुसतं आतून असलं तर नियम सोपा होता. पाइपातला दाब साठ बारवरून अठ्ठेचाळीसवर आणायचा, लाइन चालूच ठेवायची, खड्डा घ्यायचा आणि वेल्डभोवती दोन अर्ध्यांचा पोलादी पट्टा आवळून टाकायचा. दोन्ही बाजूंचं दुखणं असलं तर मात्र दाब पार उतरवल्याशिवाय जवळ माणूस जाऊ द्यायचा नाही. दोन्ही बाजूंचं आहे हे साऱ्या जगात एकाच माणसाला माहीत होतं.

अष्टमीला सकाळी दहाला खड्ड्याचं काम निघालं. हद्द शरयूची, म्हणून पट्टा ती स्वतः उतरून बसवणार होती. ऐन खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. इंद्रजित क्वार्टरच्या दारात उभा राहून तीस मीटरवरची ती माती उडताना बघत होता. शेवटी राहवेना. गेला.

दोन पुरुष खोल खड्डा. वर ताडपत्रीचं छप्पर. बाबालाल नदाफ मुकादम, त्याची चार माणसं, आणि खाली पाइपाला टेकून शरयू, डोक्यावर हेल्मेट, हातात पाना. कानोसाचा टॅब काठावर ठेवलेला.

“आलास?” तिनं वर न बघता विचारलं. “मला वाटलंच.”

“शरयू, वर ये.”

“का?”

“मला हे बरोबर वाटत नाही. वेल्ड आपल्याला वाटतो त्यापेक्षा जास्त ठिसूळ असेल. दाब अजून उतरवायला पाहिजे.”

“कशावरून?”

“असंच. अनुभव.”

पाना थांबला. आता तिनं वर बघितलं. “असंच? इतकी वर्षं मला सांगत आलास, आकडा दाखव नाहीतर गप्प बस. दाखव की आकडा.”

त्यानं नजर मातीच्या ढिगाकडं वळवली.

“बाबालालभाई, ऐकताय न्हवं?” ती माणसांना ऐकू जाईल असं बोलली. “उद्या खंडेनवमी आहे. आज माझ्या हद्दीतलं काम माझ्या हातून नीट पार पडलं तर कुणाच्या तरी पोटात दुखणार आहे.”

बाबालालनं जांभई आल्यासारखा तोंडावर हात धरला. माणसं एकमेकांकडं बघून हसली. इंद्रजितचे कान तापले. वर्षभर तो ज्या चेहऱ्यानं तिच्याकडं बघत आला होता तोच चेहरा आत्ता तिला दिसत होता. खरी काळजी दाखवायला त्याच्याकडं वेगळा चेहरा उरलाच नव्हता.

“शरयू, तुझ्या पाया पडतो, वर ये.”

“नाटकं करू नकोस इंद्या. अर्ध्या तासाचं काम आहे.”

टॅब वाजला. मग पुन्हा वाजला. पाइपाखालची माती काढल्यावर त्याचं वजन वेल्डवर आलं होतं. तासाला तीनच्या जागी मिनिटाला एक टिक झाली, आणि लगेच दोन. शरयूला ते ऐकू आलं, आणि दुखणं एकाच बाजूचं आहे असं समजणाऱ्या कुठल्याही शहाण्या माणसानं केलं असतं तेच तिनं केलं. पट्टा लवकर आवळायला हवा म्हणून ती पाइपावर आणखी वाकली. “बाबालालभाई, दुसरा अर्धा सोडा खाली!”

लोखंडाच्या त्या अर्ध्या पट्ट्याचा एक दणका पाइपाला बसला असता तर पुढं सांगायला गोष्ट राहिली नसती.

इंद्रजितनं बाबालालच्या कमरेचा वॉकी ओढून घेतला. सगळ्या लाइनवर ऐकू जाईल अशा चॅनेलवर तो बोलला, आणि बोलताना नजर शरयूवरून हलवली नाही.

“कंट्रोल, मी इंद्रजित चौगुले. लिहून घ्या. ज्येष्ठापासून माझा रेक्टिफायर मी हातानं वाढवून ठेवला होता. पस्तीस अँपियरपर्यंत. खांबांवर साडेचौदाशे होते, मी खोटे आकडे भरले. अठ्ठ्याऐंशीला विलग जोड राहिलेला नाही, करंट पलीकडं गेलाय. या वेल्डला बाहेरूनही हायड्रोजन आहे. खड्ड्यात माणसं आहेत. लाइन बंद करा.”

क्षणभर नुसती खरखर. मग कंट्रोलच्या ग्रेसी फर्नांडिसचा आवाज आला. “इंद्रजित, हे सगळं रेकॉर्ड होतंय. ठाऊक आहे ना तुला?”

“ठाऊक आहे.”

“मग माणसं बाहेर काढ आधी! व्हॉल्व्ह पाडतेय मी.”

बाबालालनं दोराला धरून लोंबणारा पट्टा तसाच वर ओढला. शरयू खाली उभीच. हातात पाना, तोंड उघडं. बाबालालनंच हात देऊन तिला वर घेतलं. इंद्रजितनं हात पुढं केला होता, तिनं तो धरला नाही.

दोनशे मीटर लांब उसाच्या बांधावर सगळे जाऊन थांबले. टॅब शरयूच्या हातात होता. दाब उतरत होता. बेचाळीस. छत्तीस. एकतीसला धाडकन आवाज झाला आणि खड्ड्यातून माती उंच उडाली. मग शिट्टीसारखा एक लांबलचक आवाज. ज्वाळा कुठंच दिसेना. हायड्रोजन उन्हात जळतो तो डोळ्यांना दिसत नाही. दिसलं ते एवढंच, की ताडपत्री आपोआप काळी पडून गुंडाळत गेली, काठावर राहिलेली कामाची गाडी वितळून एका अंगाला बसली, आणि जवळचा ऊस उभ्याउभ्या करपला. शरयू जिथं वाकली होती ती जागा सगळ्यांना दिसत होती. बाबालाल तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता.

दुपारी तळेकर साहेब आले, जबाब झाले, इंद्रजितच्या हातात निलंबनाचा कागद पडला. ज्वाळेचा रोख पलीकडं होता म्हणून क्वार्टर बचावलं होतं; चार वाजता दोघं तिथं एकटी होती. शरयूनं हातपाय धुतले आणि त्याच्या समोर येऊन बसली. तो शिव्यांची वाट बघत होता. शिव्या त्याला चालल्या असत्या.

“मेले असते मी,” ती म्हणाली.

“हो.”

“चार दिवस तुला माहीत होतं.”

“हो. लाज वाटत होती.”

तिनं समोरचा टॅब बाजूला सारला. मग हळूच म्हणाली, “तुझा करंट चार महिने जास्त होता. पण जोड काढून तर दोन वर्षं झाली ना?”

“दोन वर्षं.”

“म्हणजे तू वाढवायच्या आधीही तुझा करंट माझ्याकडं येतच होता. रोजचा, साधा.” ती बोटांवर काहीतरी मोजायला लागली, आणि थांबली. “म्हणजे गेल्या वर्षीचे नऊशे चौतीस... ते माझे नव्हतेच?”

“तसं नाही. तू कोटिंगचं काम...”

“कोटिंग उन्हाळ्यात केलं मी, या वर्षीच्या. पण त्याआधीही पट्टा पायी पालथा घातलाच होता ना? पाठ मोडेस्तोवर? मला वाटलं त्याचं फळ आलं.” तिचा आवाज फाटला. मेले असते म्हणताना फाटला नव्हता. “किती माझे होते इंद्या? किती तुझे?”

“सांगता येणार नाही,” तो म्हणाला.

आणि आता जे झालं ते लपवण्यात अर्थ नाही. बायको मरता मरता वाचली होती, नोकरी गेल्यात जमा होती, आणि तरीही ते बावीस आपलेच असतील ह्या विचारानं इंद्रजित चौगुलेच्या छातीत कुठंतरी गार वाटलं. अगदी एवढंसं. ओठाचा कोपरा हलला असेल नसेल.

“हसलास तू,” शरयू म्हणाली.

“नाही गं.”

“हसलास.”

ती चिडली नाही. उठली आणि उद्याच्या कामाचे फोन करायला लागली. इंद्रजितला मात्र स्वतःची भीती वाटली. खड्ड्याच्या काठावर वाटली होती त्याहून जास्त.

फुटलेला तुकडा बदलून झाल्यावर शरयूनं तळेकर साहेबांकडून लेखी परवानगी काढली, की इंद्रजितच्या पट्ट्याचा रेक्टिफायर पंधरा दिवस पूर्ण बंद राहील. दहा दिवस जाऊ दिले, म्हणजे त्याच्या करंटचा मागमूस राहू नये. मग मोरचुदाची नळी घेऊन ती निघाली आणि चाळीसच्या चाळीस खांब स्वतः पायी फिरून मोजले. तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना घरी आली, बूट काढले, टॅब बंद करून पिशवीत टाकला. इंद्रजितनं चहा टाकून ठेवला होता.

“एकोणनव्वद किती आला?” त्यानं विचारलं.

“साखर कमी आहे,” ती म्हणाली.

पुढं कंपनीनं त्याला परत घेतलं, ते मलकापूरच्या भांडारात. लाइनचे आकडे बघायची मुभा त्याला नाही, आणि बाबालालला विचारलं तर तो म्हणतो, वहिनींनाच विचारा. दोघांचं बरं चाललंय. लेक सुट्टीला येते, हसणंखिदळणं होतं. पण मधूनच, जेवता जेवता, सहज आठवल्यासारखं करून तो अजून विचारतो, “त्या वेळी तुझा तो खांब किती आला होता गं?”

शरयू त्याच्या ताटात भाकरी वाढते आणि म्हणते, “चांगला आला होता.”